रविवारच्या वेण्या

तांडापेठ, नागपूर
दि. ८ एप्रिल २०२५

चि. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी इकडे खुशाल आहोत. तुझ्या आईचं कसं आहे? काठी धरून का होईना, अंगणापर्यंत जाते का? दिवाळीत पडल्यापासून त्या बाईने फार सोसलं. खुब्याचं हाड म्हातारपणी जुळायला वेळ घेतं, तिला म्हणावं उगाच घाई करू नको. आणि तू तिचं करता करता स्वतः जेवतेस ना?

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू रडतेस, मग मी रडते, आणि तुझी रोशनी दाराआड कान टवकारून उभी राहते. बोलायचं ते राहूनच जातं. शेजारची हर्षा रामटेकच्या शाळेवर रोज अपडाऊन करते, तिच्या हाती हे देते आहे. शिवाय दहावीपर्यंत शिकले त्याचा कधीतरी उपयोग व्हायला नको का?

ऊन आतापासूनच भाजून काढतं आहे. रविंद्रने परवा, रामनवमीला, कूलरचा पंप सुरू करून दिला, तो छान चालतो. प्रज्वलला ट्रकने उडवलं त्या वर्षापासून तो पंप बंद होता. मी आपली दुपारी मगाने वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत बसायची. दुरुस्त करायला कोणी नव्हतं असं नाही. त्याला दुसऱ्याने हात लावावा असं वाटत नव्हतं, एवढंच.

रविंद्रबद्दल मी रविवारी काही बोलले नाही, त्यावरून तू तर्क करत बसली असशील. माणूस बरा आहे. बोलावल्याशिवाय त्याने उंबरा ओलांडला नाही. प्रज्वलच्या फोटोपुढे हात जोडले तेव्हा डोळे मिटले नाहीत, नीट बघून घेतलं. ते मला आवडलं. रामटेकला मोटर वाइंडिंगचं काम करणारा माणूस, बोटं काळी, पण चहाची कपबशी स्वतः उचलून मोरीत ठेवली. माझ्या लेकाने जन्मात कधी ठेवली नव्हती, हे तुला मी काय सांगावं.

आता मुद्द्याचं. काल श्रावणभाऊजी आले होते. माझा हा दीर कुठेही गेला की पंच होऊनच बसतो, तुला माहीत आहे. तुझ्या वडिलांशी, नानाजींशी, त्यांचं सगळं बोलणं झालं म्हणे. अक्षय तृतीयेला रामटेकलाच तुझं आणि रविंद्रचं साधं लग्न, आणि रोशनीने माझ्याजवळ राहायचं. भाऊजी मांडी घालून बसले आणि म्हणाले, “वैनी, साप बी मेला अन् काठी बी नाही मोडली. मिनलचं घर वसून राहिलं, तुमच्या घरात लेकरू राहून राहिलं. शाळा बदलाची कटकट नाही. मिनल येईनच मधूनमधून. अजून काय पाह्यजे?”

मग त्यांनी रोशनीला हाक मारली. “काय वं, आजीजवळ राहशीन न?”

“हो,” म्हणाली. एका क्षणात. भाऊजींनी खूश होऊन तिच्या हातात चॉकलेट ठेवलं.

तुझा निरोपही त्यांनी सांगितला. ‘आईंपाशी एक माणूस होतं ते गेलं. आता त्याचं लेकरूही मी उचलून नेलं तर तो वरून मला काय म्हणेल,’ असं तू म्हणालीस. रविंद्र पोरीला आणा म्हणून मागे लागला होता, आणि तूच नको म्हणालीस, हेही कळलं.

मिनल, मी काही मागितलं नव्हतं. पण मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की भाऊजी माझी समजूत काढायची तयारी करून आले होते ती सगळी वाया गेली. रेशमाची लड गुंतली की मोहल्ल्यातले लोक अजून माझ्याकडे घेऊन येतात. लडीबरोबर आपली भांडणंही आणतात. सासू-सुनेचं, भावाभावांचं, कोणाच्या नळाचं, कोणाच्या भिंतीचं. आयुष्यभर दुसऱ्यांचे गुंते मांडीवर घेतले. या वेळी पहिल्यांदा कोणीतरी माझाच गुंता सोडवून माझ्या हातात आणून दिला. मी उलटसुलट करून पाहिलं, कुठे गाठ दिसत नाही. तोडगा चांगला आहे. सगळ्यांचं भलं होतं.

मागाशेजारचा कोपरा तिच्या अभ्यासाला रिकामा केला. तिथे सुताची गाठोडी होती ती माळ्यावर टाकली. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता लावला आहे. मागावर सध्या एक करवतकाठी पातळ चढवलं आहे, ऑर्डरचं आहे, त्यामुळे मलाही काम आहे. ती तिथे बसून पाढे म्हणेल, मी विणेन. आमचं बरं चालेल.

बाकी रोशनी मजेत. रविवारी तू घातलेल्या वेण्या अजून सोडू देत नाही. आजही तशीच शाळेत गेली. हट्टीपणात तुझ्यावर गेली आहे.

लग्नाच्या तयारीला लाग. आमची काळजी करू नको.

तुझी,
आई


तांडापेठ, नागपूर
दि. ११ एप्रिल २०२५

चि. सौ. कां. मिनल हिस अनेक आशीर्वाद.

मायना वाचून दचकू नको. लग्नपत्रिकेवर जे छापतात ते मी चार दिवस आधी लिहिलं. ‘सौ.’ लिहायची सवय मोडली होती, हात जरा अडला, पण लिहिलं गेलं.

इकडे सगळं ठीक आहे. कूलर चालू आहे. समोरच्या प्रेमिलाबाईंनी आंब्याचं लोणचं दिलं, मीठ फार पडलं आहे, पण तसं म्हणण्याची सोय नाही. माझ्या पत्राचं तुझं उत्तर हर्षाने आणून दिलं. ‘आई, तुम्ही मला मोकळं केलं,’ एवढ्या एका वाक्यावर शाई पसरली आहे. ते पत्र मी देवाजवळ ठेवलं आहे. आता हे वाचून तुला राग येईल की काय होईल, मला सांगता येत नाही. आधी रोशनीच्या केसांचं सांगते.

काल महावीर जयंतीची सुट्टी होती. म्हटलं, आज पोरीला न्हाऊ घालावं. वेण्यांचे पार दोर झाले होते. घामाने केस एकमेकांना चिकटून जटा व्हायच्या बाकी होत्या. डोकं खाजवून खाजवून तिने मान लाल केली होती, पण हात लावू देईल तर शपथ.

“सोडू दे वं. किती वास येऊन राहिला डोक्याचा.”

“नको. आईनं घातल्या हाये.”

“आई पुन्हा घालीन न येईन तवा.”

“ह्याच राहू दे.”

दोन्ही वेण्या मुठीत धरून ती मागाच्या मागे जाऊन उभी राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा हट्ट नाही. मी मोठी मोहल्ल्याचे गुंते काढणारी, आणि रविवारपासून ते लेकरू मान अवघडून एका कुशीवर झोपत होतं, हे मला दिसत होतं आणि कळत नव्हतं.

तुझे सासरे म्हणायचे, गुंता दिसला की आधी हात मागे घे. बोटं आपोआप ओढायला धावतात, आणि ओढलं की गाठ पक्की होते. कुठे आवळलं आहे ते बघ. आणि दुसऱ्याची लड असेल तर त्याला विचारल्याशिवाय हात लावू नको. शांत माणूस होता. लडीला लागू होतं ते माणसांनाही होतं, एवढं बोलायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. ती भानगड मीच करत आले.

मी खाली बसले. म्हटलं, “मी ओढणार नाही. एक केस जरी दुखला त सांगजो, मी तिथंच थांबीन.”

तिने बराच विचार केला आणि येऊन माझ्या गुडघ्यांमध्ये पाठ करून बसली. मी खोबरेल कोमट केलं, शेंड्यापासून सुरुवात केली. वरून कंगवा घातला तर पोर किंचाळणार. मुळाशी एका हाताने धरायचं, म्हणजे ताण डोक्यापर्यंत जात नाही, आणि खालून थोडंथोडं मोकळं करत वर यायचं. वेळ लागतो. तोंड दुसरीकडे असलं की लेकरं बोलतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

“आजी, मी श्रावण आबाजीले हो म्हटलं न?”

“म्हटलं.”

“मंग आता आई खुश हाये?”

“हाये न. तुले राहाचं हाये न माह्याजवळ?”

तिने मान हलवली. मग म्हणाली, “मी गेली त तुया सुईत धागा कोण टाकन?”

मला हसू आलं. “मी टाकीन. काय मोठं?”

“तुले कुठं दिसते? मागावर धागा तुटला तरी मीच दाखवतो. अन् आई म्हणे, आजी एकटी हाये, आजीले पाहजो.” आणि अगदी ठरवून ठेवल्यासारखं म्हणाली, “मी मंग जाईन आईजवळ. तू देवाघरी गेली की मंग.”

मिनल, माझे हात तिथेच थांबले.

“आजी, आई तवापर्यंत थांबन न माह्यासाठी?”

ती वळून बघायला लागली. “काहून थांबली वं? दुखलं नाही मले.”

मी म्हटलं, “थांबन बाई, आई कुठं जात नाही.” आणि पुन्हा केसांना लागले. डोळ्यांतून पाणी गळून तिच्या तेलकट केसांत जात होतं, तिला कळलं नाही. अख्खी दुपार आम्ही तशाच बसलो होतो.

आता तू शांत होऊन वाच. तू तुझ्या बाजूने विचार केलास, की आईंना एकटं टाकून कसं जाऊ. तुझ्या मनावर माझं ओझं. माझ्या मनात मात्र एकच, की रोशनी राहते आहे, देवा, रोशनी राहते आहे. श्रावणभाऊजींना आणि नानाजींना बोलणी एकदाची संपवायची होती. सगळ्यांनी मिळून तोडगा काढला, आणि सगळ्यांच्या वाट्याचं ओझं सात वर्षांच्या पोरीने मुकाट उचललं. ती माझ्या मरणाची वाट बघते आहे. वाईट मनाने नाही, बस येईपर्यंत स्टँडवर बसावं तशी. आजीला सोडायचं नाही, आणि आई तर हवी. तिने आपल्या परीने हिशेब जुळवला. आपल्यापेक्षा तिने जास्त विचार केला म्हणायचं.

आपण प्रश्न चुकीचा धरला होता. सुनेचं कसं होईल आणि सासूचं कसं होईल, एवढंच आपण बघत बसलो. पोरीला आई हवी, हा तर प्रश्नच नव्हता. तो आपण प्रश्न करून ठेवला.

संध्याकाळी मी भाऊजींना बोलावून घेतलं आणि सांगितलं, रोशनी आईजवळ जाईल. ते चिडले. “वैनी, ठरलेलं मोडून राहिल्या तुम्ही. पोरगी सोता हो म्हणाली न?”

मी म्हटलं, “भाऊजी, तुम्ही म्हणे साप मेला अन् काठी नाही मोडली. यात साप कोण होता, मले सांगा बरं.”

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही एकट्या कशा राहसान पण?”

“मले नाही माहीत,” म्हटलं. खरंच मला माहीत नाही. जाताना त्यांनी वाकून नमस्कार केला. दीर असून कधी करत नाहीत.

मिनल, तुझ्यापासून काय लपवू? मला ती हवी आहे. मागच्या पत्रात मी ‘तोडगा चांगला आहे’ असं लिहिलं ते आनंदाच्या भरात लिहिलं. तिच्या कानामागे प्रज्वलचा तीळ आहे. झोपेत ती त्याच्यासारखीच पाय पोटाशी घेते. माझा मुलगा गेला, पण त्याचं चालणं-बोलणं अजून या घरात हिंडतं ते तिच्यामुळे. ती गेली की प्रज्वल दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी मी स्वतः त्याला दाराबाहेर काढणार आहे. माझं काळीज तुटतं आहे. मी मोठ्या मनाची वगैरे नाही, तसं कोणाला सांगू नको.

रात्री जेवताना तिला सांगितलं, “शाळा संपली की तू आईजवळ राहाले जाशीन.”

तिने आधी विचारलं, “अन् तू?”

“मी माह्यं पाहीन.”

“सुई?”

“नवा चष्मा करून घेतो.”

तिने माझ्याकडे नीट निरखून बघितलं, खरं बोलते का खोटं. मग एकदम उठली, खरकट्या हाताने, आणि दप्तर ओढून त्यात बाहुली कोंबायला लागली. अजून शाळा संपायची आहे म्हटलं तरी ऐकेना. इतकी हरखली की मला तिचा रागच आला. क्षणभर वाटलं, इतकं जड होतं का हे घर? मग मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

तुला आठवतं, लग्न होऊन आलीस त्या वर्षी तू माझ्याजवळ ताणा जोडायला शिकलीस. विणून झालेलं पातळ काढायचं, पण जुन्या ताण्याची टोकं फणीत तशीच ठेवायची, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडायचा. जुनं टोक नव्याला फणीतून ओढून पुढे आणतं. नवं विणणं सुरू झालं की ती जुनी टोकं आपण कापून टाकतो. तुला त्याचं वाईट वाटायचं. ‘एवढं काम केलं बिचाऱ्यांनी,’ म्हणालीस, आणि मी तुला वेड्यात काढलं होतं. काल रात्री ती टोकं कापायला कात्री हातात घेतली आणि ते आठवलं.

हो, मागावर जे करवतकाठी पातळ आहे ते ऑर्डरचं नाही. तुझ्या लग्नाचं आहे. तू आली होतीस रामनवमीला, तेव्हाच ते चढलेलं होतं, तुला ओळखू आलं नाही. काठ तुझ्या आवडीचा लाल घेतला आहे. तुटलेले धागे रोशनी दाखवते, मी जोडते. अक्षय तृतीयेच्या आधी होईल. श्रावणभाऊजी घेऊन येतील. मी लग्नाला येणार नाही. राग मानू नको, तेवढं बळ माझ्यात नाही. आशीर्वादाला काही कमी पडणार नाही.

रोशनीच्या काही गोष्टी सांगून ठेवते, तू दिवाळीपासून तिकडे आहेस, मधल्या काळात बदललेल्या आहेत. वरणभातावर आता तूप चालत नाही, वास येतो म्हणते. दुधाचा दात हलतो आहे, ओढायला लावू नको, आपोआप पडू दे. झोपताना जवळच्या माणसाचा कान धरते. रविंद्रला आधीच सांगून ठेव, नाहीतर तो दचकून उठायचा. पाढे सातापर्यंत येतात, आठच्या पाढ्यात गडबड करते. भिंतीवरचा तक्ता मी काढून गुंडाळून ठेवला आहे, तो बरोबर देते. परीक्षा झाली की शाळेचा दाखलाही काढते.

प्रज्वलचा लाकडी नंदी मात्र देणार नाही. तो इथेच राहील. तान्ह्या पोळ्याला तिला पाठव, इथल्या पोरांबरोबर नंदी मिरवेल. तेवढं एक निमित्त मला राहू दे. तोवर फार आणत जाऊ नका. तिला तिकडे रुळू दे, आणि मलाही सवय होऊ दे. याच्यावर काही तोडगा शोधत बसू नकोस, मीही शोधणार नाही. असंच राहायचं आहे मला थोडे दिवस.

उद्या हर्षा हे पत्र देईल. परवा रविवार आहे, ये. रविंद्रलाही आण, पंप पुन्हा कुरकुरतो आहे म्हणावं. कुरकुरत नाही, पण त्याला घरात यायला काम लागतं असं दिसतं.

पोरीचे केस धुऊन वाळवले. सगळे सुटले, फार थोडे तुटले. चेहऱ्यावर येतात म्हणून सारखी फुंकर मारते आहे. शाळेत जाताना नुसती रिबीन बांधून दिली. वेण्या मी घातल्या नाहीत. तू येशील तेव्हा तू घाल.

‘तुझी आई’ असं लिहायला हात गेला होता. तो शब्द आता तुला रामटेकला, नव्या सासूबाईंसाठी लागेल. म्हणून,

रोशनीची आजी,
चंद्रकला